डॉक्टर विमान घेतायत

डॉक्टर विमान घेतायत, ही आमच्या ओहायोतल्या मराठी मंडळात आता बातमी राहिलेली नाही. गावात नवीन कुटुंब आलं की वर्गणी किती, कढीपत्ता कुठे मिळतो आणि डॉक्टरांपाशी विमानाचा विषय का काढायचा नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलं जातं. तरी कुणीतरी काढतोच. मग त्या माणसाचं जेवण गार होतं.

डॉक्टर मिरजेच्या मेडिकल कॉलेजचे, धंद्याने पोटविकारतज्ज्ञ, साठीला टेकलेले. वैमानिकाचा परवाना आहे, खोटं कशाला बोला. शनिवारी क्लबचं सेस्ना १७२ तासाच्या भाड्याने घेतात, शेजारच्या परगण्यात जाऊन ऑम्लेट खातात आणि परत येतात. पण १७२ला खुर्च्या चार आणि डॉक्टरांच्या डोक्यात माणसं सहा: ते, वहिनी, लेक, जावई, व्याही आणि विहीणबाई. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी अमेरिकेत कुठे ना कुठे भरतं. तिथे या सहा जणांनी स्वतःच्या विमानातून उतरायचं आणि उतरताना कुणीतरी ओळखीचं बघत असायचं, एवढंच त्यांचं माफक स्वप्न.

हाच माणूस लेकीला नवीकोरी मोटार घ्यायला गेला, तेव्हा अर्ध्या तासात सही करून आला होता. विमानाचं तसं नाही. नवं सहा आसनी बोनान्झा म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरातला मामला. त्यामुळे जुनं. आणि या बाजारात जुनं म्हणजे खरोखर जुनं. अपघात झाला की वकील कारखान्यावर दावा ठोकत, विमान आजोबांच्या काळातलं असलं तरी. त्याला कंटाळून सेस्नाने १९८६ साली ही लहान इंजिनवाली विमानं बनवणंच बंद केलं. १९९४ साली कायदा झाला की, विमान अठरा वर्षांचं झालं की बहुतेक बाबतीत कारखान्याची सुटका. तेव्हा कुठे गाडी पुन्हा रुळावर आली. म्हणून डॉक्टर जी विमानं बघतात ती सगळी आणीबाणीच्या आगेमागे जन्मलेली असतात. वय विचारायचं नसतं. इंजिन उघडून नवं केल्यापासून किती तास झाले, ते विचारायचं. डॉक्टर हल्ली माणसांनाही तसंच विचारतात. आमच्या एका मित्राची बायपास झाली, तर हे म्हणाले, "चला, ओव्हरहॉल झालं. आता मीटर शून्यावर."

लहान विमानांच्या जाहिरातींचं एक पिवळ्या कागदावरचं पत्र आहे, 'ट्रेड-अ-प्लेन', टेनेसीतल्या क्रॉसव्हिलहून १९३७ साली सुरू झालेलं. त्याचे गठ्ठे डॉक्टरांच्या देवघराखालच्या कपाटात आहेत. जुलैअखेर विस्कॉन्सिनात ऑशकॉशला विमानांची जत्रा भरते, तिथे गेलो तेव्हा कळलं की डॉक्टर एकटे नाहीत, ही एक जमातच आहे. हाफ पँट, गळ्यात दोरीचा चष्मा, हातात टॉर्च. दुसऱ्याच्या विमानाखाली वाकून बघताना तेलाचा थेंब दिसला की यांचा चेहरा उजळतो.

सुरुवातीला डॉक्टरांचं मन सेस्ना २१०वर बसलं होतं. पंख वर, चाकं पोटात जाणारी, पळायला तेज. पण २०१९ साली ऑस्ट्रेलियात एका २१०चा पंख हवेतच तुटला आणि पाठोपाठ अमेरिकेतही त्या जातीच्या विमानांचा पंख धरून ठेवणारा आडवा दांडा तपासायचा हुकूम निघाला. डॉक्टरांनी २१०चं नाव टाकलं. मग बोनान्झा. १९६८ साली बीचक्राफ्टने बोनान्झाचं अंग लांबवून त्यात सहा खुर्च्या बसवल्या. मागे दुहेरी दार, आत समोरासमोर बैठक. डॉक्टर हरखले. "उडता उडता पत्ते खेळता येतील!" नेमकं त्याच सुमारास वहिनींच्या वाचनात आलं की, अमेरिकन वैमानिक बोनान्झाला 'डॉक्टरमार' म्हणतात, पैसा जास्त आणि सराव कमी असलेले डॉक्टर ते घेत आणि ढगात शिरत, म्हणून. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं की ते जुनं, इंग्रजी व्हीसारख्या शेपटीचं; या सहा आसनीला साधी, सरळ शेपटी आहे.

"शेपटी बदलली," वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर तोच."

उरलं पायपरचं चेरोकी सिक्स. फ्लोरिडातल्या व्हेरो बीचच्या कारखान्यातलं, १९६५पासूनचं. चाकं बाहेरच, त्यामुळे ती खाली सोडायला विसरण्याची सोय नाही. विमा कंपनीलाही साठीच्या माणसाच्या हाती असलंच विमान बरं वाटतं. दिसायला बोजड, चालीला सावकाश, पण सामान गिळण्यात पटाईत. इंजिन आणि केबिन यांच्या मधे नाकात शंभर पौंडांचा एक कप्पा, शेपटीकडे शंभराचा दुसरा. वहिनींनी नाकातल्या कप्प्याचं माप विचारलं, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, जिंकलो. वहिनींच्या मनात अनारशांचे डबे होते.

पण खरी गोम कप्प्यात नाही, वजनात आहे. तीनशे अश्वशक्तीच्या चेरोकी सिक्सने स्वतःसकट जास्तीत जास्त ३४०० पौंड घेऊन उडायचं. रिकामं विमानच अठराशे-एकोणीसशेचं. राहिले पंधराशे. टाक्या काठोकाठ भरल्या की ८४ गॅलन, गॅलनला सहा पौंड, म्हणजे पाचशे तिथेच गेले. उरल्या हजारात सहा माणसं बसवा: डोई एकशे पासष्ट पौंड, बॅग नाही, पर्स नाही, चिवडा नाही. सहा खुर्च्या आहेत म्हणून सहा माणसं नेता येतात, हा समज विमान न बघितलेल्यांचा. खुर्च्या भरा, नाहीतर टाक्या भरा.

हे गणित सोडवायला डॉक्टरांना प्रत्येकाचं खरं वजन हवं होतं. आता विहीणबाईंना वजन विचारायचं कसं? त्यांनी व्याही मंडळींना जेवायला बोलावलं आणि "बसल्या बसल्या बीपी बघून टाकू" म्हणत दिवाणखान्यात काटा मांडला. मी तिथे होतो. विहीणबाईंनी काट्यावर पाय ठेवला आणि कुणी बघायच्या आत काढला. तेवढ्यात डॉक्टरांनी आकडा कागदावर टिपलाच. त्यावर, पेशंट वजनाबाबत खोटं बोलतात या अनुभवाने, दहा पौंड चढवले. "पण मी काट्यावर उभी होते," असं विहीणबाई म्हणू शकल्या असत्या, पण त्यांना तो कागद कशाचा आहे हेच ठाऊक नव्हतं. व्याही भरले दोनशे चाळीस.

एवढा ऐवज मागे बसवून चालत नाही. त्यातून बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या अंगाला, त्यामुळे इंधन जळत जाईल तसा तोल मागे सरकतो. निघताना ठीक असलेलं विमान उतरताना ठीक असेलच असं नाही. चेरोकी घ्या की बोनान्झा, व्याही पुढेच, डॉक्टरांच्या शेजारी. व्याह्यांना मोटारीत शेजारी बसून पायाने ब्रेक दाबायची सवय आहे. विमानात त्या बाजूला खरोखरच पेडल असतात.

आयोवातलं चेरोकी बघायला डॉक्टर मला घेऊन गेले. मालक म्हातारा शेतकरी, गुडघ्यांनी दगा दिलेला. टेबलावर १९७३पासूनची लॉगबुकं ओळीने मांडलेली, एकही वर्ष गहाळ नाही. डॉक्टरांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. शेतकऱ्याने खाणं आणलं, कॉफी आणली, मग दिवा आणला. गेल्या वर्षात विमान जेमतेम दहा-अकरा तास उडालेलं निघालं, तशी डॉक्टरांनी मान हलवली. या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान नुसतं उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि त्याला गंज धरतो. उडवून इंजिन झिजतं, न उडवून सडतं. हे सांगताना डॉक्टरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी भाड्याचा मेकॅनिक आला. खरेदीआधीची ही तपासणी कायद्याने ठरवून दिलेली नाही. जेवढी कराल तेवढी. डॉक्टरांनी जेवढी होती तेवढी केली. मेकॅनिकने सिलिंडरमध्ये दुर्बीण घातली, तर यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. दिवसभर लोकांच्या पोटात हेच करणारा माणूस, त्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा कडेचा डाग बघितला आणि हळूच म्हणाले, "अल्सर." मग तेलाचा फिल्टर कापला. आतला घडीचा कागद उलगडून त्यात लोखंडाचा कीस आहे का ते बघतात, त्यासाठी लोहचुंबक फिरवतात. डॉक्टरांनी खिशातून घरच्या फ्रिजवरचा अष्टविनायकाचा मॅग्नेट काढला. मेकॅनिकने विचारलं, हे कोण? डॉक्टर म्हणाले, "इन्शुरन्स."

कीस निघाला नाही. ८० पौंडांचा दाब देऊन बघितला. पाच सिलिंडर सत्तरीच्या वर, एक चौसष्टवर. विमान, माझ्या अडाणी मते, चांगलं होतं. मेकॅनिकच्याही मते. मग डॉक्टरांमधला मिरजेचा माणूस जागा झाला. चौसष्टच्या सिलिंडरकडे बोट दाखवून त्यांनी पाच हजार डॉलर कमी करायला सांगितले. म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे."

डॉक्टर पांढरे पडले. परतीच्या वाटेवर संबंध इलिनॉय ओलांडेपर्यंत ते गप्प होते. इंडियाना लागल्यावर म्हणाले, "इतक्या पटकन उतरला. म्हणजे काहीतरी आहे."

ते विमान पुढच्याच आठवड्यात कुणीतरी ओक्लाहोमाला नेलं. विमानाच्या नंबरावरून ते कुठे उडतंय हे फोनवर बघता येतं. डॉक्टर रोज रात्री, नाकारलेली सगळी विमानं, सासरी गेलेल्या लेकींसारखी फोनवर बघतात. "आपलं चेरोकी आज टल्साला गेलं होतं." आवाजात थोडा अभिमान, थोडी हळहळ. मला विचाराल तर डॉक्टरांना विमान नकोच आहे. विमान आलं की एक विमान राहील. सध्या त्यांच्याकडे अमेरिकेतली सगळी आहेत.

पण प्रकरण आता मंडळावर शेकलंय. विमान ठेवायच्या हँगरसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत थांबतात. डॉक्टरांचा नंबर विमानाच्या आधी लागला. आलेला हँगर कोण सोडतो? त्यांनी भाडं सुरू केलं आणि रिकामी जागा बघून आम्ही त्यात गणपतीचं मखर ठेवलं. मग सतरंज्या, मोठी पातेली, नाटकाचा पडदा, ढोल. आता विमानतळाच्या व्यवस्थापकाचं पत्र आलंय. सरकारी अनुदान घेतलेल्या विमानतळावरचा हँगर विमानासाठीच वापरायचा, हे विमानवाहतूक खात्याने २०१६ साली पुन्हा बजावून सांगितलेलं आहे. हँगरमध्ये विमान दिसलं पाहिजे, नाहीतर हँगर सोडा. मंडळाच्या कार्यकारिणीने तातडीची सभा घेतली आणि डॉक्टरांनी विमान घ्यावं असा ठराव एकमताने मंजूर केला. सूचक वहिनी.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या पाहण्यात एखादं चेरोकी सिक्स असेल, लॉगबुकं पहिल्या दिवसापासूनची असतील, नियमित उडत असेल, तर कृपया मंडळाच्या सेक्रेटरींना कळवा. डॉक्टरांना परस्पर नको. आणि मालकाला एवढंच बजावून ठेवा, डॉक्टरांनी कितीही घासाघीस केली तरी किंमत एका डॉलरनेही उतरवायची नाही.