बेअरिंगरावांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमान बेअरिंगराव,
मु. पो. इंटरमीडिएट शाफ्टचे मागचे टोक, फ्लायव्हीलच्या आड,
पोर्शे बॉक्स्टर, मॉडेल 2002

स. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहायचा योग आजवर आला नाही, कारण आपण कुणाच्या दृष्टीलाच पडत नाही. गाडीतली बाकीची मंडळी बिघडायच्या आधी कुरकुरतात. ब्रेक चिरकतात, क्लच घसरतो, पाण्याचा पंप खाली ओल सोडतो. आपण मात्र खानदानी. बहुधा शेवटपर्यंत चकार शब्द नाही. आणि तोंड उघडलंत की थेट इंजिनाच्या तेराव्याचं आमंत्रण.

देहयष्टी म्हणावी तर बाहेरचा व्यास 47 मिलिमीटर, जाडी 14. आपल्याच 6204 मापाची भावंडं जगभर पाण्याच्या मोटारींत आणि वॉशिंग मशीनमध्ये मान खाली घालून राबताहेत. त्यांच्यामुळे कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. आपल्यापायी मात्र लोक कोर्टात गेले. अमेरिकेतल्या मालकांनी मिळून दावा लावला आणि 2013 मध्ये पोर्शेच्या तिथल्या कंपनीने तडजोड केली. मे 2001 ते फेब्रुवारी 2005 या काळात बनलेल्या बॉक्स्टर आणि 911 त्यात आल्या. त्या निमित्ताने आपली कुंडलीही मांडली गेली. 1997 च्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये आपण छऱ्यांच्या दोन रांगा घेऊन बसला होतात, तेव्हा दगा द्यायचं प्रमाण शंभरात एकाच्याही आत. 2000 च्या सुमारास एक रांग घरी पाठवलीत, आणि प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास गेलं. आत्मविश्वास असावा तर असा!

काम तरी काय अवघड होतं? क्रँकशाफ्टवरून चेनने फिरणारा हा इंटरमीडिएट शाफ्ट पुढे दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टना फिरवतो. त्याचं एक टोक ऑइल पंपाकडे, दुसरं आपल्या खांद्यावर. पंपाकडच्या टोकाला साधं बुश, त्याला इंजिनाचंच तेल; तिथे कसली तक्रार नाही. आपल्याला मात्र सोवळं पाळायचं होतं. आठ लिटर तेल चहूबाजूंनी उडतंय आणि आपण दोन्ही दारांना सील लावून आतल्या चिमूटभर ग्रीसवर दिवस काढताय! पुढे उष्णतेने सील थकतं, फटीतून गरम तेल शिरतं, ग्रीस धुऊन टाकतं आणि आतच अडकून पडतं. मग त्या शिळ्या तेलात छर्रे झिजतात, शाफ्ट डुलतो, चेन दात सोडते आणि पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो. एवढ्या जुन्या बॉक्स्टरला नवं इंजिन घालायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

बरं, वेळेवर आपल्याला निवृत्त करावं, तर आपलं दर्शन दुर्लभ. वर्कशॉपमधल्या मजुरीचा आकडा ऐकून मी डॅलसमधल्या घराच्या गॅरेजातच बैठक मारली. गाडी चार स्टँडवर, बॅटरी सोडा, ड्राइव्हशाफ्ट सोडा, गिअरबॉक्स जॅकवर घेऊन मागे ओढा, क्लच उतरवा, फ्लायव्हील उतरवा. तेव्हा कुठे तीन बोल्टांचं एक झाकण दिसतं. लगेच हात घालायची सोय नाहीच. आधी क्रँक पिन घालून जागच्या जागी बांधायचा, कॅमशाफ्ट बांधायचा, चेनचे तिन्ही टेन्शनर सैल करायचे. नाहीतर झाकण निघताक्षणी टायमिंग हुकणार आणि आपण न करता आपलं काम मीच करून मोकळा होणार. जॅकपाशी मेहुणे होते. जॅकला हात कमी, सल्ला जास्त.

पुलर लावला. पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, आपण ढिम्म. पाना जड होत गेला, मेहुण्यांचे सल्ले थांबले, आणि मग आपल्याला धरून ठेवणारी तारेची कडी खाचेतून सुटली ती अशी कडाडली की मेहुण्यांच्या हातातला टॉर्च निसटून थेट ऑइलच्या ट्रेमध्ये. आपल्या जागी येणारे सिरॅमिक छऱ्यांचे नवे गृहस्थ तोवर आमच्या फ्रीझरमध्ये आखडून, म्हणजे अंगाने कणभर कमी होऊन, जागेत सहज बसावेत म्हणून मुक्कामाला होते. खोबरं शोधताना ते मातोश्रींच्या हाती लागले. त्यांनी एवढंच विचारलं, हे उपासाला चालतं का?

आणि मग आपण. तळहातावर घेऊन फिरवलं. खरखर नाही, ढिलेपणा नाही. आतलं कडं बोटांनी हलवून पाहिलं, तसूभरही खेळ नाही. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडल्या, उन्हात धरल्या, चुरा नाही. म्हणजे निर्दोष! एवढी दहशत बसवून वर चारित्र्य स्वच्छ. शंभरातल्या त्या आठांत आपण नव्हतात, हे आपल्याला ठाऊक होतं आणि आपण सांगितलं नाहीत, हा आपल्यावरचा माझा खरा आरोप.

बाकी शिक्षा आपल्याला द्यावी असं मला वाटत नाही. त्याच कंपनीने त्याच काळात 911 च्या टर्बो आणि जीटी3 मॉडेलांत हान्स मेट्झगर यांच्या परंपरेतलं इंजिन घातलं होतं. त्यातला हाच शाफ्ट साध्या शेल बेअरिंगवर, दाबाने आलेल्या तेलात फिरतो, आणि त्याच्या मालकांना आपलं नावही घ्यावं लागत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. आपल्याला त्या जागी बसवणाऱ्यांनी पुढे आपल्यावर केलेली कारवाईही बघा. 2006 च्या सुमारास बढती दिली, मोठ्या आकाराचे केले. इतके मोठे, की इंजिन दुभागल्याशिवाय आपण बाहेरच येत नाही. ही शिक्षा आपल्याला होती की मालकाला, हे ज्याचं त्याने ठरवावं. शेवटी 2009 च्या मॉडेलपासून नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. अख्खं पदच रद्द.

कळावे. लोभ आहे असा गैरसमज नसावा.

आपला,
सध्या झोप लागणारा एक मालक

ता. क. (हे बेअरिंगरावांसाठी नाही.) ज्यांच्या दारात 1997 ते 2008 मधली बॉक्स्टर किंवा, टर्बो-जीटी3 सोडून, असंच बेअरिंग असलेली 911 उभी आहे, त्यांनी तेल बदलताना जुना फिल्टर टाकून देऊ नये. कापून, घड्या उलगडून, लोहचुंबक फिरवून बघावा. लोखंडाचा चुरा किंवा काळ्या सीलचे तुकडे दिसले, तर किल्ली फिरवू नये. गाडी टोचन करून न्यावी.