दाजी आणि परतीची वाट

आमचे दाजी मूळचे कोल्हापूरचे, पण आता बंगळुरातले पक्के मारतहळ्ळीकर. ब्रिजखालच्या ट्रॅफिकमधून जीव वाचवून मुन्नेकोळालकडे वळलं की पीजींच्या पाट्यांच्या गर्दीत त्यांची बिल्डिंग. जवळच रिंग रोडवर, कडुबीसनहळ्ळीला, राउटर बनवणाऱ्या सिस्कोचं भलंमोठं आवार आहे. त्यामुळे या टापूत राउटरवर पोट असलेली माणसं ढिगानं सापडतात. दाजी सिस्कोत नाहीत. त्यांची कंपनी गावोगावच्या शाखांमध्ये राउटर बसवून चालवते, आणि त्यांतलं सॉफ्टवेअर अपग्रेड करणं हे दाजींचं काम. अपग्रेडच्या आधी बॅकअप घ्यायचा असतो. या ‘आधी’वरच त्यांचा सगळा संसार उभा आहे.

“पाव्हणं, जायची वाट कुणीबी दावंल. परत यायची कुठली, ते बोला.” कुठल्याही नव्या बेतावर दाजींचा हा पहिला प्रश्न. मग तो बेत राउटरचा असो की नंदी हिल्सचा.

घराच्या चाव्यांचे चार जुडगे आहेत. एक ताईकडे, एक शेजारच्या अम्मांकडे, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि एक कोल्हापूरला आईच्या ट्रंकेत. कोल्हापुरातली चावी मारतहळ्ळीच्या कुलपाला काय कामाची, असं मी एकदा विचारून पाहिलं. “ऑफसाइट कॉपी,” दाजी म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पाण्याच्या टँकरवाल्यांचेही तीन नंबर त्यांच्या डायरीत. यावरून बिल्डिंगमध्ये त्यांची भरपूर थट्टा व्हायची. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरातल्या बोअरवेल आटल्या, तेव्हा थट्टा करणारे सगळे चपला काढून दाजींच्या हॉलमध्ये बसले होते.

नवीन ते घ्यायचं नाही, हा दुसरा नियम. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की टीममधली पोरं फुरफुरतात. दाजी त्याची रिलीज नोट अंगणातल्या तांदळासारखी निवडायला बसतात आणि कुठे कुठे खडा आहे ते बाजूला काढतात. “हुं दे लोकांचं हाल. मग बघू.” सिनेमाही ते दुसऱ्या आठवड्यात बघतात. पहिल्या दिवशी जाणाऱ्यांना ते टेस्टिंग टीम म्हणतात.

खरे दाजी बघायचे तर शनिवारी रात्री. अपग्रेडला परवानगी मिळते ती रात्री अकरा ते पहाटे पाच, म्हणजे शाखा झोपलेल्या असताना. त्या दिवशी दाजी जेवण हलकं घेतात, यूपीएसला हात लावून पाहतात, आणि फिकट निळी चपटी कन्सोल केबल खुर्चीच्या पाठीला अडकवतात. काम शेकडो मैलांवरच्या राउटरवर चालणार, तिथे ही केबल पोचणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण खंडेनवमीला तिला हळदकुंकू लागतं, तेव्हा ती हजर हवीच.

आधी चालू कॉन्फिगरेशन सेव्ह. ते मेमरीत असतं, वीज गेली की गेलं. म्हणून एक ओळ बदलली तरी दाजी ‘राइट मेम’ केल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. मग त्याची प्रत सर्व्हरवर, मग जुन्या सॉफ्टवेअरची प्रत. टीएफटीपीनं कॉपी सुरू झाली की स्क्रीनवर उद्गारचिन्हांची रांग लागते. उद्गारचिन्ह म्हणजे माल पोचतोय, टिंब म्हणजे वाटेत अडकला. एक टिंब दिसलं की दाजींचा चहाचा कप हवेत थांबतो. पूर्णविरामाला एवढा भिणारा माणूस मराठीत दुसरा नसेल.

नवी फाइल पोचल्यावर ती शाबूत आहे का ते तपासायला एमडीफाइव्ह नावाची बत्तीस अक्षरांची खूण जुळवतात. ती कॉम्प्युटरकडून जुळवून घेता येते. दाजींचा त्यावर विश्वास नाही. रात्री एक वाजता ताई डोळे चोळत कागद घेऊन बसते. “सात. एफ. तीन. तीन.”

“तीन दोनदा?”

“दोनदा.”

“पुन्हा पहिल्यापासनं.”

हे वेड आलं कुठून, ते ताईनं सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला सिस्कोच्या २६०० मालिकेतले जुने राउटर त्यांच्या वाट्याला आले होते. फ्लॅश १६ एमबीची. नवं सॉफ्टवेअर मावायला जुनं पुसावं लागे, आणि पुसू का असं राउटर अदबीनं विचारतही असे. दाजींनी एंटर दाबलं. जुनं पुसलं गेलं, नवं निम्मं आलं आणि वीज गेली. मग सीमाभागातल्या त्या शाखेत वॉचमनच्या स्टुलावर बसून ते सॉफ्टवेअर कन्सोल केबलमधून, ९६०० च्या वेगानं, जवळपास पाच तास भरत राहिले. तो वेग वाढवता येतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं.

दूरच्या राउटरवर धोक्याचा बदल करायचा असेल तर दाजी आधी ‘रीलोड इन टेन’ टाकतात. म्हणजे दहा मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन चालू हो. बदल चुकून आपणच बाहेर अडकलो, तर राउटर पुन्हा सुरू होताना जुनं सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन उचलतो. सगळं ठीक असेल तर दहा मिनिटांच्या आत तो हुकूम रद्द करायचा. आमच्याकडे सांगलीला बघायच्या कार्यक्रमाला आले तेव्हाही हीच सोय करून आले होते. दहा मिनिटांनी मित्राचा फोन येणार, तातडीचं काम निघणार, पाहुणे उठणार. पोहे संपायच्या आत दाजी व्हरांड्यात गेले आणि फोनवर मोठ्यानं म्हणाले, “कॅन्सल कर रे, कॅन्सल!” आत बाबांच्या हातातली बशी कलंडली. उलगडा व्हायला आणखी एक चहा लागला.

जगातली मोठी नेटवर्कं बसली त्या तारखा त्यांना पुण्यतिथीसारख्या पाठ. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्सचं नेटवर्क बसलं, ही तर खास. मुख्य नेटवर्कच्या अपग्रेडचे सात टप्पे, त्यातल्या सहाव्यात एक फिल्टर काढला गेला आणि एक कोटीवर ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद पडले. दुरुस्ती करणाऱ्यांचे फोनही त्याच कंपनीचे, म्हणून त्यांचं आपसातलं बोलणंही अडलं. तेव्हापासून दाजींच्या खिशात दोन कंपन्यांची सिमं असतात. घरातही दोन कंपन्यांचं इंटरनेट आहे. एका पावसात दोन्ही एकदम गेली, कारण दोघांच्या वायरी एकाच झाडावरून लोंबत होत्या आणि झाडच पडलं. आता नवीन वायर टाकायला आलेल्या पोराला दाजी आधी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये विचारतात, “याव मर?” कुठलं झाड?

एक मात्र त्यांच्याकडून घ्यावं. ते नुसता बॅकअप ठेवून थांबत नाहीत, तो परत भरून बघतात. त्यासाठी बंगळुरातल्या एसपी रोडवरून घेतलेला एक जुना राउटर बेडरूममध्ये आहे. अधूनमधून त्याच्या पंख्याची घरघर सुरू झाली की ताई उशी घेऊन हॉलमध्ये येते. गंमत म्हणजे ‘बॅकअप आहे की’ असं छातीठोक सांगणाऱ्या बहुतेकांनी तो कधी उघडूनही बघितलेला नसतो.

यंदाच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी दाजींबद्दल लिहिलंय, ‘काम समाधानकारक. वर्षभरात उल्लेखनीय असं काही घडलं नाही.’ ताई भडकली. दाजींनी त्या कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक फायलीत लावली आणि एक कोल्हापूरला पाठवली.