एकच धागा

बोलता बोलता तुमच्या सदऱ्याच्या कडेला हात घालून शिवणीतला धागा हळूच उपसून घेणारा माणूस तुम्हाला भेटला नसेल, तर तुम्ही कापडाच्या गावात राहिलेला नाहीत. आमच्या इचलकरंजीत असे अण्णा दर दोन गल्ल्यांआड एक सापडतात. आमच्या गल्लीतले अण्णा मात्र या जातीचे मूळपुरुष. गावात कांडीवाले पुष्कळ, काडीवाले हे एकच.

"एकच धागा घेतो की!" हे वाक्य संपायच्या आत धागा चिमटीत आलेला असतो, दुसऱ्या हाताने काडेपेटी निघालेली असते आणि तुमच्या नव्या शर्टाचा एक अंश पंचत्वात विलीन होतो. मग अण्णा डोळे मिटून वास घेतात. कागद जळल्यासारखा वास आणि फुंकरीने उडणारी राख म्हणजे कापूस. केस जळल्याचा वास, ज्योतीबाहेर काढला की आपोआप विझणारा धागा आणि बोटात कुस्करला जाणारा काळा मणी म्हणजे लोकर, नाहीतर रेशीम. काळा धूर सोडत वितळला आणि मागे टणक गाठ उरली की अण्णा तोंड वाकडं करून एवढंच म्हणतात, "पॉली." टेरिकॉटवर त्यांचा खास राग. "हा म्हणजे निवडणुकीतला उमेदवार हो. सुरुवातीला कापसासारखा साधा जळतोय असं वाटतं, आणि शेवटी आपल्या हाताला गाठ लागते."

एका मुंजीत त्यांनी गुरुजींच्या रेशमी सोवळ्याला हात घातला. गुरुजी मंत्रात गुंतलेले होते, आणि समोर होम पेटलेला असल्यामुळे काडीसुद्धा वाया घालवायची गरज नव्हती. धागा वितळला. अण्णा वाकून म्हणाले, "गुरुजी, सोवळं पॉलिस्टरचं आहे." गुरुजींनी मंत्र न थांबवता डाव्या हाताने ताटातल्या दक्षिणेकडे बोट दाखवलं आणि पुढच्या स्वाहाच्या आधी म्हणाले, "आणि हा रुपया चांदीचा आहे का?" अण्णांना निरुत्तर झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लग्नात तर हाहाकार. वरमाईची पैठणी खरी की कशी, अशी मांडवात कुजबुज सुरू होती. अण्णा पुढे झाले. "एकच धागा घेतो की, वहिनी." पदराच्या आतल्या बाजूचा धागा जळला आणि केस करपल्याचा घाण वास पहिल्या तीन रांगांत पसरला. वरमाईचा चेहरा त्या दुर्गंधाने असा खुलला की फोटोग्राफरने तो टिपून घेतला. मग मांडवात सरळ दोन तट पडले. काही बायका "अण्णा, आमचाही बघा की" म्हणत पुढे आल्या, आणि बाकीच्या, पदर खोचून, जेवणाच्या पंगतीची घाई करू लागल्या. आता कुठल्याही कार्याला यजमान अण्णांना आमंत्रण देताना हळूच सुचवतात, "काडेपेटी घरी ठेवून या." अण्णा लायटर घेऊन येतात.

काडीने भागलं नाही की पुढचे प्रयोग. धागा जिभेवर ओला करून ताणायचा. ओल्या जागी पटकन तुटला तर व्हिस्कोस, कारण ते पाण्यात लेचंपेचं होतं; कापूस भिजला की उलट चिवट होतो. सुनेची नेलपॉलिश काढायची बाटली कायम अर्धी, कारण अॅसिटेटचा धागा त्यात विरघळतो. संडास धुवायचं ब्लीचही पुरत नाही. त्यात लोकर आणि रेशीम नाहीसं होतं, कापूस शिल्लक राहतो. जावयाच्या मफलरचं नेमकं काय झालं, हा विषय त्या घरात काढू नये.

एवढं सगळं करायचं कशासाठी? तर माडीवर बेवारस सुताचा ढीग आहे. बंद पडलेल्या गिरण्यांचे कोन, सायझिंगवाल्यांकडे उरलेली बुडखं, भंगारवाल्याने किलोवर दिलेली लेबल नसलेली लडी. ह्यातलं प्रत्येक सूत ओळखायचं आणि आजोबांच्या वेळच्या हातमागावर त्याचं काहीतरी विणायचं, हा अण्णांचा निवृत्तीनंतरचा संकल्प. हयातभर वहिफणीचं, म्हणजे मागासाठी ताणा ओवायचं, काम केलेलं. वहीच्या डोळ्यांतून नि फणीच्या दातांतून हजारो धागे ओढले, पण ते सगळे दुसऱ्याच्या कापडाचे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग आणला, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अण्णा ते अशा थाटात सांगतात, जणू त्या मागावरचा पहिला धागा ह्यांनीच जाळून पाहिला होता.

सुताचा नंबर काढायची त्यांची रीत बघण्यासारखी आहे. सुताराकडून मुद्दाम साडेतेरा-साडेतेरा इंचांवर पाय लावलेलं एक स्टूल करून घेतलंय. ते उलटं ठेवायचं. चार पायांभोवती एक फेरा म्हणजे चोपन्न इंच, दीड यार्ड. ऐंशी फेरे झाले की एकशे वीस यार्ड. ते सूत सोनाराच्या काट्यावर टाकायचं. ३.२४ ग्रॅम भरलं तर वीस नंबर. निम्मं भरलं तर चाळीस. घरातलं एकमेव स्टूल त्यामुळे कायम पाय वर करून पडलेलं असतं आणि आलेला माणूस उभाच राहतो. मला तर त्या घरी बसल्याचं आठवत नाही.

मग वही निघते आणि बेत सुरू होतात. ह्याचा पंचा. त्याची सतरंजी. ह्या काळ्या लोकरीचं घोंगडं, आणि ताण्याला खळ चिंचोक्याचीच, जशी पट्टणकोडोलीच्या जत्रेत विकायला येणाऱ्या चांगल्या घोंगड्यांना असते. बेत एवढे पक्के असतात की काकूंनी एका पंच्यासाठी खुंटीसुद्धा ठोकून ठेवली होती. पंचा अजून यायचा आहे.

आणि त्या चादरीची कहाणी गल्लीत कुणाला ठाऊक नाही? निळ्या टोकाच्या कागदी कोनावरचं एक कोरं सूत अण्णांना मिळालं. जाळून कापूस ठरला, स्टुलावर वीस नंबर ठरला, पीळ झेड निघाला. वजन बरोबर एक पौंड. छत्तीस इंच पन्हा, इंचाला चाळीस धागे, म्हणजे ताण्याचे चौदाशे चाळीस. ताणा बारा यार्ड. गुणाकार सतरा हजार दोनशे ऐंशी यार्ड. वीस नंबरचा एक पौंड म्हणजे वीस गुणिले आठशे चाळीस, सोळा हजार आठशे. कमी पडतं चारशे ऐंशी यार्ड. वजनात तेरा ग्रॅम.

ह्या तेरा ग्रॅमपायी तो माग रिकामा आहे. मी म्हटलं, अण्णा, ताणा साडेअकरा यार्ड धरा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वरमाईच्या पैठणीला नायलॉनची म्हटलं होतं. "आणि मागाला शेवटी सुटतं ते?" बरं, मग दुसऱ्या कोनाचं थोडं मिसळा. "अहो, वेगळ्या लॉटचं सूत धुतल्यावर वेगळं आटतं. चादरीला सुरकुत्या पडतील, मग ती अंगावर घ्यायची की इस्त्रीला टाकायची?" हे म्हणणं खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे. हा माणूस चुकीचं कधीच बोलत नाही. फक्त विणत नाही.

हातमाग प्रदर्शनातल्या 'शंभर टक्के सुती' चादरीची गाठ त्यांनी विक्रेत्याच्या तळहातावर ठेवली, तेव्हा तो पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, गिऱ्हाईक लेबल वाचतं, जाळत नाही." तिथून येताना अण्णा गप्प होते. गावातले जुने साधे माग भंगारात वजनावर गेले, त्यांच्या जागी एअरजेट धडधडू लागले आणि पुड्यावर छापील तपशील असल्यावर सूत हाताने ओळखणाऱ्याला विचारतो कोण? खुद्द थोरला मुलगा सिंथेटिक सुताचा व्यापारी आहे. अण्णांच्या घरातला भात पॉलिस्टरवर शिजतो, आणि हे अण्णांइतकं कुणालाच टोचत नाही.

एकदा त्यांची ती वही माझ्या हाती लागली. धागा उपसला की अण्णा अर्धाच जाळतात, उरलेला वहीत चिकटवतात, हे मला माहीत नव्हतं. पानामागून पानं सगळं गाव होतं. 'गुरुजी, सोवळं, पॉलि., गाठ कडक.' 'वरमाई, रेशीम, उत्तम.' 'बँकेतले साहेब, लोकर म्हणतात, अॅक्रिलिक, तडतडत जळलं.' माझे तीन शर्ट होते, तिन्ही टेरिकॉट. आणि पहिल्याच पानावर एक लालसर, चमकदार, अखंड धागा. पुढे लिहिलेलं, 'हिचं लग्नातलं इरकल. जाळलं नाही.'

मी काकूंना विचारलं. त्या भाजी निवडत होत्या. "माझे वडील म्हणाले होते अस्सल रेशीम आहे. मागावर बसणारा माणूस, कुठलं रेशीम आणणार? काठात चमका घातला असणार." चमका म्हणजे कृत्रिम रेशीम, आपलं व्हिस्कोसच, जिभेवर ओलं केलं की तुटणारं. मग अण्णांना कळलं नाही? "हात लावल्याबरोबर कळलं. पन्नास वर्षं झाली, त्या लुगड्याचा विषय निघाला की हे रेशीमच म्हणतात." भाजीतली काडी बाजूला टाकत त्या पुढे म्हणाल्या, "आणि बाहेर लोकांचे पदर जाळत फिरतात. मेला शहाणा!"

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे निळ्या टोकाच्या कोनावरचं, वीस नंबरी, एकेरी, कोरं, झेड पिळाचं सुती सूत तेरा ग्रॅम पडून असेल, तर कृपा करून इचलकरंजीला पाठवा. पंधरा असेल तर उत्तम, कारण दोन ग्रॅम अण्णा आधी जाळून बघतील.