समुद्राकडे पाठ

सोलापूरच्या माणसाने समुद्रासाठी जीव टाकला तर ते समजण्यासारखं आहे. पण तीन बाजूंनी समुद्र असलेल्या मुंबईत पन्नास वर्षं काढून, "समुद्र बघून वर्ष झालं हो" असा सुस्कारा सोडायला वेगळी प्रतिभा लागते. ती मालवणच्या माणसाकडे असते.

सोयीसाठी त्याला तात्या म्हणू. हे तात्या आधी परळ, लालबाग, प्रभादेवीला उगवले आणि मुलांची लग्नं होत गेली तसे भांडुप, डोंबिवली, विरारपर्यंत पसरले. देवगडहून आलेलेही असतात, पण त्यांचं आयुष्य आपल्या पेटीतला हापूस खरा आणि बाजारातला खोटा हे सिद्ध करण्यात जातं. समुद्रासाठी हळवं व्हायला त्यांना सवड नसते. समुद्राचा निर्भेळ विरह मालवणवाल्यांनीच सांभाळलाय.

आमच्या इमारतीतले तात्या प्रभादेवीचे. त्यांचे वडील बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. तात्या मॅट्रिक होऊन एसटीने आले आणि घाटात सगळं ओकून हलके होऊन परळला उतरले. निघाले तेव्हा जिल्हा रत्नागिरी होता. १९८१ साली त्याचे दोन तुकडे होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला. इतर कुणाला वाटेल सरकारने कारभाराच्या सोयीसाठी केलं. तात्यांच्या मते आपल्या घरासमोरच्या किल्ल्याचं नाव अख्ख्या जिल्ह्याला देण्यासाठी सरकारने हा सगळा खटाटोप केला.

हा किल्ला तात्या कुठेही आणू शकतात. सोसायटीच्या सभेत पाणीकपातीचा विषय निघाला की तात्या उभे राहतात. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधकामाला हात घातला, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. "आणि तुमका हयसर टाकी भरूक जमणा नाय!" असं सेक्रेटरीला सुनावून ते खाली बसतात. सेक्रेटरी गुजराती आहेत. ते दरवेळी 'विहिरींचा मुद्दा' इतिवृत्तात लिहून घेतात.

जुनी चाळ पडली आणि तिच्या जागी टॉवर आला तेव्हा तात्यांना बाविसावा मजला मिळाला. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'अरबी समुद्राचं विहंगम दृश्य' असं छापलं होतं आणि, आश्चर्य म्हणजे, ते खरं निघालं. दिवाणखान्याची खिडकी उघडली की सरळ समुद्र, उजवीकडे वांद्रे-वरळीचा सागरी सेतू, संध्याकाळी सूर्य अगदी घरच्यासारखा खिडकीत येऊन बुडतो. लोक ज्यासाठी कर्ज काढून दोन पिढ्या फेडत बसतात ते तात्यांना पागडीच्या खोलीवर मिळालं. पाहुणे येतात, खिडकीपाशी जाऊन 'अहाहा' म्हणतात, फोटो काढतात. तात्या खिडकीकडे पाठ करून बसतात. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर मालवणच्या धक्क्यावरून काढलेला किल्ल्याचा काळापांढरा फोटो आहे, थोडा पाणी लागलेला. तात्या त्याच्याकडे बघून चहा पितात.

काकू गिरगावच्या. त्यांना खिडकी आवडते, म्हणून त्या तात्यांच्या समोर बसतात. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या जोडप्याला ही बैठक फार सोयीची. दोघं समोरासमोर, आणि ज्याला त्याला आपापला समुद्र.

एकदा नातवाने नकाशा पुढे धरला. "आजोबा, हा बघा, एकच अरबी समुद्र आहे. इथलंच पाणी तिकडे जातं." तात्यांनी चष्मा लावून नकाशा नीट पाहिला, बोटाने मुंबईपासून मालवणपर्यंत किनारा चाचपला आणि म्हणाले, "पाणी एकच असात रे. समुद्र येगळो." नातू सायन्सला आहे. तो गप्प बसला.

मुंबईच्या समुद्राबद्दल तात्यांची मुख्य तक्रार अशी की तो घाण परत करतो. पावसाळ्यात मोठी भरती आली की वर्षभर टाकलेल्या पिशव्या आणि चपला तो काठावर आणून ओततो. मला यात समुद्राचा स्वाभिमान दिसतो. तात्यांना संस्कारांचा अभाव दिसतो.

आता एवढा समुद्र ज्याच्या अंगात भिनलाय तो माणूस पाण्यात माशासारखा असेल असं कुणालाही वाटेल. तात्यांना पोहता येत नाही. घर भरडावर, बाजारपेठेत. वडिलांच्या पाठीमागे घर चालवणारी आजी करड्या शिस्तीची. पावसाळ्यात किनाऱ्यावर दिसलात तर पायाला फोकाचा मार. धक्क्यावरून किल्ल्यावर जायला होडीत काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ तात्या डोळे मिटून रामेश्वराचं नाव घेत बसायचे, असं त्यांच्या धाकट्या बहिणीने काकूंना लग्नाच्याच वर्षी सांगून टाकलं. समुद्रातला त्यांचा प्रत्यक्ष पराक्रम एकच. रापणीचं जाळं ओढताना दोरीला हात लावला की चार मासे वाट्याला येत, म्हणून दोरीच्या पार शेवटच्या टोकाला, जिथे ओढण्याची गरज नसते तिथे, ते लटकत आणि सदऱ्याच्या ओच्यात पेडवे घेऊन घरी येत. आता ते 'आम्ही रापण ओढायचो' असं सांगतात. व्याकरणदृष्ट्या यात चूक काढता येत नाही.

किल्ल्याच्या आसपासच्या पाण्याखाली प्रवाळ आहेत, १९८७ सालीच तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालंय, हेही तात्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं. ज्या पाण्यावर त्यांनी जन्मभर अभिमान पोसला त्याच्या तळाशी काय आहे ते त्यांना सांगलीहून तिथे जाऊन स्कुबा करून आलेल्या शेजाऱ्याच्या जावयाने मोबाइलवर दाखवलं. तात्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि म्हणाले, "ह्या आमका म्हायती आसा." नंतर दोन दिवस ते जरा शांत होते, असं काकू सांगतात.

मासळीबाजारात मात्र तात्यांचा अधिकार खरा. बांगड्याचे कल्ले उघडतात, डोळा बघतात, पोटाला अंगठा दाबतात. मग नाकाजवळ नेऊन अशा चेहऱ्याने खाली ठेवतात की कोळणीचा पारा चढतो. "बर्फातलो," तात्या निकाल देतात. "मंग मालवनला जाऊन खा," कोळीण म्हणते. हे संभाषण वर्षानुवर्षं चाललंय आणि शेवटी बांगडे तात्याच नेतात. बोंबलाकडे मात्र ते पाहतही नाहीत. बोंबील हा उत्तरेकडच्या पाण्यातला मासा, म्हणजे मुंबईचा, त्याला तात्यांच्या घरी प्रवेश नाही. काकू माहेरी जाऊन खाऊन येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत तात्या खारा बांगडा भाजतात आणि बाविसाव्या मजल्याच्या लिफ्टमध्ये मालवणची हद्द सुरू होते. औषधाच्या रिकाम्या डबीत त्यांच्याकडे तिरफळं असतात. रक्तदाबाची गोळी विसरतील, तिरफळ विसरणार नाहीत.

यातली खरी गंमत तात्यांच्या तोंडावर सांगायची सोय नाही. मालवणात जी चांगली सुरमई निघते ती बर्फाच्या पेट्यांत बसून रात्रीच्या रात्री मुंबईला, गोव्याला रवाना होते. गावात जे काही बरं निघतं ते संध्याकाळची गाडी पकडतं. एकदा मी हे धीर करून बोललो. तात्या क्षणभर थांबले आणि मान डोलावून म्हणाले, "ता खरा." त्यांनी ते स्वतःबद्दल घेतलं होतं.

नारळी पौर्णिमेला मालवणचा धक्का माणसांनी फुलतो, समुद्राला नारळ देतात, नारळावर नारळ आपटून कुणाचा फुटतो त्याची झुंज लागते. तात्यांच्या घरापासून दादरची चौपाटी चालत जाण्याइतकी जवळ. पण तिथे नारळ सोडणं म्हणजे भलत्याच्याच दारात पत्रिका टाकणं. म्हणून तात्या पुतण्याला यूपीआयने नारळाचे पैसे पाठवतात. पुतण्या व्हिडिओ कॉल लावून मोबाइल पाण्याकडे धरतो. तात्या खुर्चीतून उठतात, टोपी घालतात आणि हात जोडतात. त्या वेळी त्यांच्या पाठीमागच्या खिडकीत भरती आलेली असते.

या पुतण्याबद्दल सांगायला हवं. मालवणच्या घराचा ताबा त्याच्याकडे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा तात्या मुंबईत पेढे वाटत फिरले होते. त्या पेढ्यांचं बिल त्यांना आता मिळतंय. पुतण्याने मागच्या दोन खोल्यांना एसी लावून 'घरगुती निवास व मालवणी जेवण' सुरू केलंय. तात्यांचा जन्म ज्या खोलीत झाला तिला आता 'डीलक्स' म्हणतात. पूर्वी तात्या मे महिन्यात सहकुटुंब उतरत. कोकणकन्येने कुडाळला उतरायचं, पुढे एसटी, दारात पोचल्यावर आजीच्या फोटोला नमस्कार. आता आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. पण ते मिळालं तरी पुढचा अडथळा मोठा. "तात्यानू, मे म्हयन्यात येव नकात," पुतण्या फार आदराने सांगतो. "सीझन आसा. पावसात येवा, गर्दी नसता." पावसात येवा! ज्या पावसात आजी किनाऱ्यावर जाऊ द्यायची नाही त्या पावसात!

गेल्या खेपेला तात्या हट्टाने मे महिन्यातच गेले. पडवीत गादी मिळाली. किनाऱ्यावर पाऊल टाकताच एक पोरगा धावत आला, "सर, स्कुबा? बनाना राइड? फुल पॅकेज आहे." तात्यांनी त्याला ठेवणीतल्या मालवणीत झाडलं, त्यात आजीच्या काळातल्या दोन शिव्याही होत्या. पोरगा मन लावून ऐकत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमची मालवणी भारी आहे हां! नाटकात काम करता का?" तात्यांची मालवणी ते एसटीत बसले त्या दिवशी जशी होती तशी राहिली आहे. पोरग्याची मात्र दरवर्षी पुण्याच्या गिऱ्हाइकांबरोबर बदलते.

पडवीत चौथ्या दिवशी तात्यांना मच्छर जास्त वाटू लागले. वर्तमानपत्र उशिरा येतं, लाईट जाते, भाजीवाला 'आमच्या दादरसारखा' नाही. संध्याकाळी शेजारी गप्पांना जमले तेव्हा तात्यांनी मोबाइल काढून बाविसाव्या मजल्यावरचा फोटो दाखवला. सेतू, सूर्यास्त, समुद्र. "आमच्या हॉलातून ह्या दिसता," ते म्हणाले. फोटो हातोहात फिरला. "बरो समुद्र आसा तुमचो," एक म्हातारा म्हणाला. तात्या नको नको म्हणत प्रसन्न झाले. हे मला काकूंनी सांगितलं, आणि हेही की तो फोटो तात्यांनी स्वतः काढलेला होता.

परत आल्यावर मात्र प्रकृती जरा बिघडली, तेव्हा तात्यांनी सगळ्यांना बोलावून शेवटची इच्छा सांगितली. अस्थी मालवणच्या समुद्रात सोडायच्या, दादरला नाही म्हणजे नाही. मुलगा व्यवहारी आहे. त्याने तिथल्या तिथे फोन स्पीकरवर टाकून चुलतभावाला विचारलं. पलीकडून पुतण्याचा गळा दाटून आला. "तात्यांचा घर आसा ता. कधीय हाडा," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "फकस्त मे म्हयनो नि नाताळ सोडून."

तात्या उशीवर उठून बसले. मरणाचा विषय निघाला म्हणून त्यांना काही वाटलं नव्हतं. पण आता रक्तदाब मोजायला लागला. काकूंनी गोळी पुढे केली, ती बाजूला सारून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर मागवलं, महिने मोजले आणि जाहीर केलं, "मरतलंय तर मे म्हयन्यातच. मगे खोली कशी देना नाय ता बगतंय!"