सतरा वर्षांचं मध्यंतर
खोपटच्या एसटी स्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर एकेकाळी पोरं ‘रॉक मशीन’ची अडकलेली कॅसेट पेन्सिलीने गुंडाळत बसायची. मुंबईच्या या बँडनं १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, १९९७ मध्ये दुकान बंद केलं, २०१० मध्ये पुन्हा उघडलं. १९९५च्या अल्बमनंतरचा पुढचा अल्बम, ‘इव्हॉल्व्ह’, आला तो थेट २०१२ साली. तोवर कट्ट्यावरच्यांचे केस गेले, पोटं आली. बँडचा गायक उदय बेनेगल आणि मंडळी मात्र खरोखर उत्क्रांत झाली होती, लेकाचे वाजवतात भलतंच चोख! आमच्या एका जुन्या भक्तानं डोळे मिटून दोन गाणी ऐकली, मान डोलावली आणि हळूच म्हणाला, “छान आहे रे. आता ते जुनं लाव ना.”
जुनं म्हणजे १९८८चं, ‘रॉक मशीन’चं.