पाणंदीचा डीपी रोड

जमीन महसूल संहितेचं 143 वं कलम शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागायची सोय देतं. तहसीलदाराकडे अर्ज, मग पंचनामा, मग आदेश. आणि आदेशाच्या दुसऱ्या दिवशी सख्खा चुलतभाऊ त्या वाटेवर बाभळीच्या फांद्या आणून टाकणार. बैलगाडीपुरती जागा सोडायची म्हणजे वाडवडिलांच्या नावाला बट्टाच की!

मग 2021 साली सूस, म्हाळुंगे, वाघोली धरून 23 गावं पुणे महापालिकेत गेली. नव्या बांधकाम नियमावलीत रस्ता जितका रुंद, तितका एफएसआय जास्त, हे कळायला शिवारात कुणाला वकील लागला नाही. कालचा फांद्यावाला आज स्वतः टेप धरून उभा. ‘अजून मीटरभर घ्या, साहेब, आपलाच रस्ता आहे!’

रस्ता झाला. म्हणजे बिल्डरच्या गेटपर्यंत झाला. त्यापुढे एका मालकाचा मोबदल्याचा वाद मिटलेला नाही, त्यामुळे चौपदरी डांबर अचानक संपतं आणि मूळची पाणंद सुरू होते, चिखलासकट. रोज सकाळी तिथे स्कूलबस, पाण्याचा टँकर आणि कडब्याची ट्रॉली एकमेकांना आधी कोण जाणार ते विचारत असतात. ‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणून फ्लॅट घेतलेली मंडळी सोसायटीच्या ग्रुपवर शेणाच्या वासाची तक्रार टाकतात.

अडलेल्या तुकड्याच्या मालकाला मात्र घाई नाही. त्याने कडेला वडापावची गाडी लावलीय. गिऱ्हाईक आयतंच थांबलेलं असतं.