३३ तासांचा दिवस

घरातले जुने दिवे काढून एलईडी बसवणे ही मुळात दहा मिनिटांची क्रिया आहे. स्टुलावर चढायचे, जुना बल्ब दाबून फिरवून काढायचा, नवा दाबून फिरवून बसवायचा आणि खाली उतरायचे. मध्यमवर्गीय मराठी घरात मात्र ती काही वर्षे चालते. ‘चालू असलेला बल्ब काढायचा कशाला?’ हा सिद्धान्त तिच्या आड येतो. त्यामुळे दिवे एकेक करून, जसजसे जातील तसतसे बदलले जातात आणि दरम्यान एकाच घरात तीन युगांचा उजेड नांदतो.

यातले पहिले युग तारेच्या बल्बचे. त्यातली टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि मग उजेड देते. खाल्लेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास विजेची उष्णताच होते. म्हणजे हे उपकरण मुळात शेगडी. उजेड तिचे जोडउत्पादन. कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला खुराड्यात बल्ब टांगणाऱ्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. बाकीचे लोक त्याच शेगडीखाली मे महिन्यात घाम पुसत अभ्यास करत.

तारेचा बल्ब गेला तरी लगेच घरातून जात नसे. गृहप्रमुख तो कानाशी धरून हलवत. आतून बारीक किणकिण ऐकू आली की तार तुटल्याचे निदान होई. पण त्यावर उपचारही असे. बल्ब हलकेच तिरका करत, टिचकी मारत तुटलेली टोके एकमेकांत अडकवली जात. जमले तर दिवा पुन्हा लागे आणि तार आखूड झाल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त लखलखे. असा बल्ब फार दिवस टिकत नसे, पण टिकेल तितके दिवस गृहप्रमुखांची प्रतिष्ठाही तशीच लखलखत असे.

याच युगातला झिरोचा बल्ब हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शून्य वॅटचा म्हणून विकला जाणारा हा बल्ब प्रत्यक्षात १२ ते १५ वॅट घेई. आज ज्या ९ वॅटच्या एलईडीने अख्खी खोली उजळते, त्याहून जास्त वीज खाऊन तो रात्रभर फक्त पाण्याचा तांब्या कुठे आहे एवढेच दाखवी. नावातच शून्य असल्यामुळे त्याला कोणी कधी बोलले नाही. खर्च डोळ्यांत भरला नाही की तो खर्च नसतो, हा घरगुती अर्थशास्त्राचा नियम या बल्बने सिद्ध केला. पुढे हा नियम पुन्हा उपयोगी पडणार आहे.

दुसरे युग सीएफएलचे. ते अल्पायुषी ठरले. वीज वाचली, पण आत पारा असल्याने हा वळसेदार दिवा फुटला की खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे लागे.

तिसरे युग एलईडीचे. यात तार नसते; अर्धवाहकाच्या इवल्याशा चकतीतून वीज गेली की ती थेट प्रकाश देते. तांबडे आणि हिरवे एलईडी अनेक दशके यंत्रांवर लुकलुकत होते. अडले होते ते निळ्यावाचून. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो प्रश्न सोडवला आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. या निळ्या चकतीवर पिवळा लेप दिला की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो.

नोबेलने मात्र मराठी घराचे मन वळले नाही. ते किमतीने वळले. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली. घाऊक खरेदीमुळे २०१४ मध्ये सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत सरकारला ३८ रुपयांना मिळू लागला. वीजबिल दाखवून स्वस्तात बल्ब मिळतो म्हटल्यावर, ज्या घरांत बिल आल्याबरोबर चिडचिड होई, तिथे ते प्रथमच प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून नेण्यात आले.

बल्ब घरी आल्यावर रंगाचा वाद होतो. खोक्यावर २,७०० केल्विन म्हणजे पिवळसर आणि ६,५०० म्हणजे पांढराशुभ्र. आकडा मोठा तो माल भारी, या समजुतीने बहुधा ६,५०० चाच आणला जातो. आजींच्या मते त्या उजेडात घराचा दवाखाना होतो. तडजोड म्हणून देवघरात पिवळा लावला जातो आणि हॉलमध्ये पांढरा. पांढरा लागल्यावर तुळईवरचे जाळे, पंख्याच्या पात्यांची काळी किनार आणि कोपऱ्यातली ओल एकाच वेळी उघड्यावर येतात. बल्बला सत्तर रुपये पडतात. त्याने दाखवलेल्या ओलीपायी रंगारी बोलवावा लागतो.

काही घरांत बटण बंद केल्यावरही एलईडी मंद तेवत राहतो. ही भुताटकी नव्हे. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घेतले असले किंवा बटणातच छोटा दिवा असला, तर जी चिमूटभर वीज झिरपते तेवढ्यावरही एलईडी लुकलुकतो. जुन्या बल्बला त्या विजेचा पत्ताही लागत नसे.

आयुष्याचे म्हणाल तर खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात. रोज पाच तासांच्या हिशेबाने हे १३ वर्षांहून जास्त होतात. एलईडीची चकती तेवढे जगूही शकते, पण तिच्या बुडाशी बसवलेल्या ड्रायव्हर नावाच्या सर्किटला उष्णता सोसत नाही आणि बंद काचेच्या शेडमध्ये ते लवकर मान टाकते. खोक्यावर दोन वर्षांची हमी असते, पण हमी संपण्याआधी पावतीवरची शाई उडून गेलेली असते. गेलेला एलईडी कानाशी धरून कितीही हलवला तरी आतून काही वाजत नाही. ही गोष्ट गृहप्रमुखांच्या जिव्हारी लागते.

आता हिशेब. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट होतात. ९ वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वापराला १.३५ युनिट पुरतात आणि उजेडही कमी पडत नाही. तरीही ‘लाइट बंद करा, बिल काय तुमचे काका भरणार?’ ही गृहप्रमुखांची आरोळी कायम आहे. गणित मात्र त्यांच्या बाजूला राहिलेले नाही. जुना बल्ब पाच तासांत जेवढी वीज खाई, तेवढी खायला एलईडीला दिवसाचे ३३ तास जळावे लागेल. घरातली मुले कितीही बेफिकीर असली तरी दिवस २४ तासांवर संपतो, तिथे त्यांचाही नाइलाज आहे.

रिकाम्या खोलीतला दिवा बंद करावा हे खरेच. पण झिरोच्या बल्बचा नियम अजून लागू आहे. दिवा डोळ्यांत भरतो, म्हणून बोलणी तोच खातो. न्हाणीघरातला २,००० वॅटचा गिझर पंधरा मिनिटांत जेवढी वीज घेतो, तेवढ्या विजेवर हॉलमधला एलईडी ५५ तास जळेल. बिल हातात घेऊन ओरडायचेच असेल, तर न्हाणीघराच्या दिशेने तोंड करून ओरडावे. तिथे सहसा गृहप्रमुखच असतात.